क्रॅशलूपबॅकऑफ: कंटेनर पुन्हा पुन्हा बंद पडतोय, शोध कुठून सुरू करायचा?

क्युबरनेटीसवर (अनेक मशिनांवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर) पहिलं ॲप्लिकेशन चढवलं, पॉडची (एकत्र चालणाऱ्या एक किंवा अधिक कंटेनरच्या गटांची) यादी पाहिली आणि ‘स्टेटस’च्या रकान्यात ‘रनिंग’ऐवजी ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ दिसलं, की नवखा माणूस बहुतेक वेळा पॉड डिलीट करतो. नवा पॉड येतो, तोही पडतो, पुन्हा डिलीट. यात बिघाड तर जात नाहीच, वर तो शोधायला लागणारा पुरावा जातो. मेलेल्या कंटेनरचा लॉग आणि त्याचा एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मागे ठेवते तो आकडा) त्या पॉडसोबतच राहतात. पॉड गेला की तेही गेले. म्हणून पहिला नियम: कारण कळेपर्यंत, निदान पुरावा बाजूला काढून ठेवेपर्यंत, पॉडला हात लावायचा नाही.

या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. उदाहरणासाठी ‘स्टेजिंग’ नेमस्पेसमधली (म्हणजे क्लस्टरच्या त्या नावाच्या विभागातली) ‘बिलिंग’ नावाची डिप्लॉयमेंट (ठरलेल्या संख्येने पॉड चालू ठेवणारी व्यवस्था) धरली आहे.

हे स्टेटस काय सांगतं

क्रॅशलूपबॅकऑफ हा स्वतः बिघाड नाही. कंटेनरमधली मुख्य प्रोसेस संपली, नोडवरच्या (क्लस्टरमधल्या एका मशिनवरच्या) क्युबलेटने, म्हणजे तिथले कंटेनर सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, ती पुन्हा सुरू केली, ती पुन्हा संपली, आणि आता पुढच्या प्रयत्नाआधी क्युबलेट थांबला आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा थांबण्याचा काळ दर वेळी दुप्पट होतो: १० सेकंद, २०, ४०, ८०, १६०, आणि मग ३०० सेकंदांवर, म्हणजे ५ मिनिटांवर, येऊन स्थिरावतो. कंटेनर सलग १० मिनिटं नीट चालला तर हिशेब परत १० सेकंदांपासून सुरू होतो.

हे आकडे लक्षात ठेवण्याचा उपयोग आहे. सिक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती ठेवण्याची जागा) किंवा डेटाबेस दुरुस्त केल्यावर लगेच काही हललं नाही, तर दुरुस्ती चुकली असं समजू नका. पुढच्या प्रयत्नाला अजून चार मिनिटं असू शकतात. उलट, मधेच ‘रनिंग’ दिसलं म्हणून सुटकेचा श्वासही सोडू नका. प्रत्येक प्रयत्नात काही सेकंद तो ‘रनिंग’च असतो. ‘रिस्टार्ट्स’चा आकडा वाढतोय का, ते पाहायचं.

अशीच दिसणारी दोन वेगळी दुखणी आधी बाजूला काढा. ‘इमेजपुलबॅकऑफ’ म्हणजे इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो फाइलींचा संच) रजिस्ट्रीतून, म्हणजे इमेज साठवणाऱ्या सर्व्हरवरून, खाली आलीच नाही: नाव किंवा टॅग चुकला, किंवा खासगी रजिस्ट्रीचे लॉगिन तपशील नाहीत. ‘क्रिएटकंटेनरकॉन्फिगएरर’ म्हणजे पॉडने मागितलेला कॉन्फिगमॅप (साध्या सेटिंग्जचा संच) किंवा सिक्रेट त्या नेमस्पेसमध्ये नाही, किंवा त्यातली नेमकी की नाही. दोन्हींत कंटेनर सुरूच झालेला नसतो, त्यामुळे लॉग शोधण्यात वेळ घालवू नका. उत्तर पुढे दिलेल्या ‘डिस्क्राइब’ कमांडच्या खालच्या इव्हेंट्समध्ये मिळतं.

प्रॉडक्शन असेल तर

आधी बघा, वापरणाऱ्यांना खरोखर त्रास होतोय का. डिप्लॉयमेंटचा रोलिंग अपडेट (जुने पॉड थोडे थोडे करून नव्यांनी बदलणं) चालू असताना नवा पॉड पडला, तर जुने पॉड बहुतेक तसेच काम करत असतात. ‘मॅक्सअनअव्हेलेबल’चं (अपडेटमध्ये एका वेळी किती प्रती बंद चालतील, या सेटिंगचं) मूळ मूल्य २५ टक्के असतं आणि ते खालच्या पूर्णांकात धरलं जातं. म्हणजे ४ प्रती असतील तर एका वेळी फार तर १ जुनी प्रत काढली जाते, आणि एकच प्रत असेल तर नवी तयार होईपर्यंत जुनी जात नाही. घाईत काहीतरी भलतंच करून चालू असलेले पॉड पाडण्यापेक्षा हे एकदा पाहिलेलं बरं.

बिघाड नव्या आवृत्तीसोबतच आला असेल तर मागे फिरा:

    क्युबसीटीएल रोलआउट अनडू डिप्लॉयमेंट/बिलिंग -एन स्टेजिंग

पण त्याआधी खाली दिलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कमांडचं उत्तर फाइलमध्ये उतरवून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि तेवढं केलं नाही तर हाच बिघाड पुढच्या रिलीझला पुन्हा समोर उभा राहतो. रोलबॅकने फक्त पॉडचा साचा मागे जातो. कॉन्फिगमॅप, सिक्रेट आणि डेटाबेसवर चाललेलं मायग्रेशन (त्याच्या रचनेतला बदल) मागे जात नाही. जुनी आवृत्तीही पडायला लागली तर संशय आधी या तिघांवर घ्यायचा.

तीन कमांड, याच क्रमाने

    क्युबसीटीएल गेट पॉड्स -एन स्टेजिंग

इथे ‘रेडी’चा रकाना वाचा. ‘०/१’ असेल तर पॉडमध्ये एकच कंटेनर आहे आणि तोच पडतोय. ‘१/२’ असेल तर दोनांपैकी एक चालू आहे, म्हणजे दोषी कदाचित तुमचं ॲप्लिकेशन नसून शेजारचा साइडकार (मदतनीस कंटेनर) असेल. स्टेटस ‘इनिट’ने सुरू होत असेल तर इनिट कंटेनर (मुख्य कंटेनरच्या आधी चालणारा) अडकला आहे आणि मुख्य कंटेनरची पाळीच आलेली नाही.

    क्युबसीटीएल डिस्क्राइब पॉड <पॉडचं नाव> -एन स्टेजिंग

उत्तर लांबलचक येतं. त्यातला कामाचा तुकडा साधारण असा दिसतो:

    स्टेट:          वेटिंग
      रीझन:         क्रॅशलूपबॅकऑफ
    लास्ट स्टेट:     टर्मिनेटेड
      रीझन:         एरर
      एक्झिट कोड:    १
      स्टार्टेड:       १०:४२:०७
      फिनिश्ड:       १०:४२:०९
    रिस्टार्ट काउंट:  ७

नजर ‘लास्ट स्टेट’वर ठेवा, ‘स्टेट’मधून नवीन काहीच कळत नाही. रीझन, एक्झिट कोड, आणि सुरू होण्या-संपण्यातलं अंतर या तीन गोष्टी टिपून घ्या. हे अंतर बरेच जण वाचतच नाहीत, पण अर्धा शोध तिथेच लागतो. वरच्या उदाहरणात प्रोसेस २ सेकंदांत गेली. इतक्या झटपट जाणाऱ्या कंटेनरमध्ये कॉन्फिगरेशन, कमांड किंवा परवानगीची चूक असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. अर्ध्या ते एका मिनिटाने, दर वेळी जवळपास तेवढ्याच वेळाने मरत असेल तर लाइव्हनेस प्रोबकडे (कंटेनर जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने पाहणाऱ्या तपासणीकडे) बघा. काही तास चालून पडत असेल तर मेमरीकडे.

    क्युबसीटीएल लॉग्ज <पॉडचं नाव> -एन स्टेजिंग --प्रीव्हियस

‘--प्रीव्हियस’ विसरू नका. त्याशिवाय चालू कंटेनरचा लॉग येतो, आणि तो नुकताच सुरू झालेला असेल तर त्यात दोन-चार ओळींपलीकडे काही नसतं. पॉडमध्ये एकापेक्षा जास्त कंटेनर असतील तर ‘-सी’ लावून त्यापुढे कंटेनरचं नाव द्या. इनिट कंटेनरचा लॉगही असाच मिळतो. क्युबलेट साधारणपणे शेवटच्या एकाच मेलेल्या कंटेनरचा लॉग ठेवतो आणि इव्हेंट्स मूळ सेटिंगमध्ये १ तासच राहतात, त्यामुळे रात्री पडलेल्या पॉडची पहिली कारणं सकाळी शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका.

लॉग वाचतानाही दिशा असते. पायथनचा ट्रेसबॅक असेल तर सगळ्यात खालची ओळ. जावाचा असेल तर शेवटचं ‘कॉज्ड बाय’. वरच्या दोनशे ओळी फ्रेमवर्कच्या असतात आणि त्यांत तुमच्या कामाचं क्वचितच काही असतं.

एक्झिट कोड वाचायला शिका

१ म्हणजे ॲप्लिकेशनने स्वतःच चूक मान्य करून हात वर केले. कारण लॉगमध्ये असायलाच हवं.

० आला तर लोक गोंधळतात: चूक नाही, मग लूप कसला? डिप्लॉयमेंटमधल्या पॉडचं रिस्टार्ट धोरण कायम ‘ऑलवेज’ असतं, त्यामुळे प्रोसेस नीट काम संपवून गेली तरी ती पुन्हा उठवली जाते. एकदाच चालायची स्क्रिप्ट डिप्लॉयमेंट म्हणून चढवली असेल तर ती ‘जॉब’ किंवा ‘क्रॉनजॉब’ करा. सर्व्हर बॅकग्राउंडला जात असेल तर त्याला फोरग्राउंडला आणा. एनजिनएक्सच्या अधिकृत इमेजमध्ये ‘डेमन ऑफ’ आधीच दिलेलं असतं, पण तुम्ही कमांड बदललीत की ते गळून पडतं. नुसती उबुंटूची इमेज, पुढे काहीच न देता, चालवली तरी हेच होतं: बॅशला टर्मिनल मिळत नाही आणि तो लगेच संपतो.

१२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवायची परवानगी नाही. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही. काही वेळा सुरुवातच न झालेला कंटेनर १२८ आणि ‘स्टार्टएरर’ असाही दिसतो. तेव्हा मजकूर लॉगमध्ये नसून डिस्क्राइबच्या ‘मेसेज’मध्ये असतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: पॉडच्या फाइलमधलं ‘कमांड’ हे इमेजच्या ‘एंट्रीपॉइंट’ची जागा घेतं आणि ‘आर्ग्ज’ हे ‘सीएमडी’ची. फक्त ‘कमांड’ दिलंत तर इमेजमधलं ‘सीएमडी’ही बाजूला पडतं. डॉकरवर चालणारी इमेज क्युबरनेटीसवर १२७ देत असेल तर बहुधा इथेच घोळ झालेला असतो.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ हा संदेश तर भल्याभल्यांना फिरवतो, कारण फाइल डोळ्यांसमोर असते. तीन कारणं तपासा. एक, स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली आणि ओळींचे शेवट सीआरएलएफ राहिले; मग लिनक्स ‘/बिन/एसएच’पुढे एक अदृश्य अक्षर जोडलेला इंटरप्रिटर शोधतो आणि तो अर्थातच नसतो. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल=एलएफ’ ठेवलं की हा त्रास कायमचा जातो. दोन, स्क्रिप्टची पहिली ओळ बॅश मागते आणि इमेज अल्पाइनची (एका छोट्या लिनक्सची) आहे, जिच्यात बॅश मुळात नसतो. तीन, बायनरी जीलिबसी या सी लायब्ररीवर बांधलेली आहे आणि अल्पाइन मसल ही दुसरी लायब्ररी वापरतं.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर आर्किटेक्चर जुळत नाही. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपच्या लॅपटॉपवर बांधलेली इमेज एआरएम६४ ची होते आणि क्लस्टरचे नोड बहुतेक एएमडी६४ चे असतात. बिल्ड करताना ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४’ द्या.

१२८ च्या वरचे आकडे सिग्नलचे: १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक. १३४ म्हणजे सिगअबॉर्ट (६), १३९ म्हणजे सिगसेगव्ही (११), १४३ म्हणजे सिगटर्म (१५) आणि १३७ म्हणजे सिगकिल (९). यातला १३७ सगळ्यात जास्त भेटतो आणि त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

१३७: मेमरी, की आणखी कोणी मारलं?

१३७ म्हणजे मेमरी संपली, असं सरसकट धरू नका. आधी रीझन वाचा. ‘ओओएमकिल्ड’ लिहिलं असेल तरच मेमरी. नुसतं ‘एरर’ असेल तर बहुधा लाइव्हनेस प्रोब नापास झाला, क्युबलेटने सिगटर्म (‘बंद हो’ अशी सूचना) पाठवला, ॲप्लिकेशनने तो ऐकला नाही आणि ३० सेकंदांची मूळ मुदत संपल्यावर सिगकिल (जबरदस्तीने बंद करणारा सिग्नल) आला.

ओओएमकिल्ड असेल तर पुढचा प्रश्न: लिमिट (कंटेनरला ठरवून दिलेली कमाल मेमरी) खरंच कमी आहे, की मेमरी गळतेय? एक सोपी चाचणी आहे. लिमिट दुप्पट करा. पडणं थांबलं आणि वापर एका पातळीवर टिकला तर लिमिटच कमी होती. तीन तासांऐवजी सहा तासांनी पडायला लागला तर गळती आहे, आणि लिमिट कितीही वाढवली तरी फक्त दिवस पुढे ढकलला जाईल. वापर पाहायला ‘क्युबसीटीएल टॉप पॉड’ आहे, त्यासाठी क्लस्टरमध्ये मेट्रिक्स-सर्व्हर लागतो. पण तो त्या वेळचा आकडा दाखवतो. दोन सेकंदांत उसळून कंटेनर मारणारा वापर त्यात दिसेलच असं नाही. लिमिट ठरवताना खऱ्या भाराखालचा सर्वोच्च वापर मोजा आणि त्यावर पाव ते एक तृतीयांश जागा मोकळी ठेवा.

भाषेप्रमाणे खाचाखोचा बदलतात. जावात हीपचं (प्रोग्रामच्या ऑब्जेक्टसाठीच्या मेमरीचं) मूळ कमाल मूल्य उपलब्ध मेमरीच्या २५ टक्के असतं. १ जीआय (गिबिबाइट) लिमिटच्या कंटेनरमध्ये ते २५६ एमआय (मेबिबाइट) होतं. मग कोणीतरी चिडून ‘-एक्सएमएक्स१जी’ लावतं आणि कंटेनर ओओएमकिल्ड व्हायला लागतो, कारण हीपखेरीज मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक आणि डायरेक्ट बफर यांनाही त्याच १ जीआयमध्ये बसायचं असतं. ‘मॅक्सरॅमपर्सेंटेज’ ६० ते ७५ च्या दरम्यान ठेवणं जास्त सुरक्षित. लॉगमध्ये जावाची स्वतःची ‘आउटऑफमेमरीएरर’ दिसली तर ते वेगळं प्रकरण: तिथे हीप भरला, कर्नलने काही मारलेलं नाही. नोड.जेएसमध्येही तसंच, ‘हीप आउट ऑफ मेमरी’ लिहून प्रोसेस स्वतः अबॉर्ट होते आणि कोड १३४ येतो. तिथे ‘--मॅक्स-ओल्ड-स्पेस-साइझ’ वाढवा, पण कंटेनरच्या लिमिटच्या आत राहून.

पायथनच्या वेब सर्व्हरमध्ये दुसराच सापळा असतो. वर्करची संख्या ‘कोअरच्या दुप्पट अधिक एक’ या सूत्राने काढली जाते, आणि ‘ओएस.सीपीयू_काउंट’ हे कंटेनरची सीपीयू लिमिट न पाहता नोडचे कोअर मोजतं. ३२ कोअरच्या नोडवर ६५ वर्कर उभे राहतात आणि ५१२ एमआय बघता बघता संपतात. लॅपटॉपवर ८ कोअर असल्याने हे कधी दिसलेलंच नसतं. वर्करची संख्या पर्यावरण चलातून, ठरावीक आकड्याने द्या. क्युबरनेटीस १.२८ पासून सीग्रुप व्ही२ (लिनक्सची प्रोसेसना मेमरी-सीपीयू वाटून देणारी सोय) असलेल्या नोडवर मेमरी संपली की कंटेनरमधल्या सगळ्याच प्रोसेस एकदम मारल्या जातात. त्याआधी एखादा वर्कर मरून मुख्य प्रोसेस तगत असे. क्लस्टर अपग्रेड केल्यावर अचानक ओओएमकिल्ड वाढले असतील तर कारण हे असू शकतं.

आणि एककं. ‘५१२ एमआय’ लिहायच्या ऐवजी लहान लिपीतला ‘एम’ लावलात तर त्याचा अर्थ मिली होतो, म्हणजे अर्धा बाइट. सीपीयूला ‘५००एम’ बरोबर, मेमरीला नाही.

लाइव्हनेस प्रोब: औषधच रोग होतं तेव्हा

डिस्क्राइबच्या इव्हेंट्समध्ये ‘लाइव्हनेस प्रोब फेल्ड’ दिसलं तर ॲप्लिकेशन स्वतः पडत नाहीये, त्याला पाडलं जातंय. अशा वेळी सिगटर्म नीट हाताळणारं ॲप्लिकेशन चक्क ० कोड देऊन जातं, म्हणून एक्झिट कोडवर एकट्यावर विसंबू नका, इव्हेंट्स वाचा.

मूळ मूल्यं अशी: सुरुवातीची सवलत ० सेकंद, दर १० सेकंदांनी तपासणी, उत्तराला १ सेकंदाची मुदत, आणि सलग ३ वेळा नापास झालं की रिस्टार्ट. म्हणजे साधारण २० ते ३० सेकंदांत निकाल. स्प्रिंग बूटचं मोठं ॲप्लिकेशन सीपीयूची लिमिट तुटपुंजी असताना उभं राहायला ५०-६० सेकंद सहज घेतं. ते कधीच उभं राहत नाही, दर वेळी अर्ध्यावरच मारलं जातं. यावर उपाय स्टार्टअप प्रोब:

    स्टार्टअपप्रोब:
      एचटीटीपीगेट:
        पाथ: /हेल्थ
        पोर्ट: ८०८०
      पीरियडसेकंड्स: १०
      फेल्युअरथ्रेशोल्ड: ३०

१० गुणिले ३० म्हणजे ३०० सेकंदांची मुदत मिळते, आणि हा प्रोब पास होईपर्यंत लाइव्हनेस सुरूच होत नाही. सुरुवातीची सवलत वाढवण्यापेक्षा हा मार्ग चांगला, कारण ॲप्लिकेशन ४० सेकंदांत उठलं तर उरलेला वेळ फुकट जात नाही.

प्रोब नापास होण्याची बाकीची कारणं बहुधा साधी असतात. पोर्ट किंवा पाथ चुकलेला. पाथला लॉगिन लागतं आणि ४०१ येतो. २०० ते ३९९ एवढंच पास धरलं जातं. किंवा ॲप्लिकेशन १२७.०.०.१ वर ऐकतंय. प्रोब पॉडच्या आयपीवर येतो, त्यामुळे ०.०.०.० वरच ऐकायला हवं.

एका बाबतीत मात्र ठाम राहा: लाइव्हनेसमध्ये डेटाबेस तपासू नका. डेटाबेस पाच मिनिटं बंद पडला तर सगळे पॉड एकदम रिस्टार्ट व्हायला लागतात, डेटाबेस परत आल्यावर सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडतात, आणि छोटा अडथळा मोठी आपत्ती होतो. डेटाबेसची तपासणी फार तर रेडिनेसमध्ये ठेवा. रेडिनेस नापास झाला तर रहदारी थांबते, कंटेनर मरत नाही.

कॉन्फिगरेशन, सिक्रेट आणि व्हॉल्यूम

दोन सेकंदांत कोड १ घेऊन मरणाऱ्या कंटेनरांची मुख्य ठिकाणं हीच. पर्यावरण चलाच्या नावात एक अक्षर चुकलं. डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ राहिला. पॉडमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तोच पॉड, तिथे सर्व्हिसचं (पॉडच्या गटाला मिळणाऱ्या कायमच्या पत्त्याचं) नाव हवं. सर्व्हिस दुसऱ्या नेमस्पेसमध्ये असेल तर ‘पोस्टग्रेस.डेटा’ असं नेमस्पेससकट.

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जात असेल तर सिक्रेटमधली अदृश्य नवी ओळ तपासा. ‘एको’ने मजकूर बेस६४ मध्ये नेला की शेवटी नवी ओळ चिकटते आणि ती पासवर्डचा भाग बनते. सिक्रेट डीकोड करून ‘डब्ल्यूसी -सी’मधून काढा. पासवर्ड १२ अक्षरांचा आणि मोजणी १३ आली, तर चोर सापडला. ‘एको -एन’ किंवा ‘प्रिंटएफ’ वापरून सिक्रेट पुन्हा बनवा आणि ‘क्युबसीटीएल रोलआउट रिस्टार्ट डिप्लॉयमेंट/बिलिंग’ द्या, म्हणजे पुढच्या प्रयत्नाची वाट पाहावी लागणार नाही.

व्हॉल्यूममध्ये (कंटेनरला जोडलेल्या साठवणुकीत) दोन प्रकार वारंवार होतात. इमेजमध्ये ‘/ॲप’ फोल्डरात कोड आहे आणि तुम्ही त्याच ‘/ॲप’वर कॉन्फिगमॅप चढवला: आतल्या सगळ्या फाइली झाकल्या जातात आणि ‘कमांड सापडली नाही’ असं येतं. एकच फाइल हवी असेल तर ‘सबपाथ’ वापरा, किंवा सरळ वेगळ्या फोल्डरात माउंट करा. दुसरा प्रकार परवानगीचा. कंटेनर रूट नसलेल्या वापरकर्त्याने चालतो आणि डिस्क रूटच्या मालकीची आहे. ‘सिक्युरिटीकॉन्टेक्स्ट’मध्ये ‘एफएसग्रुप’ दिला की बहुतेक वेळा सुटतं. ‘रीडओन्लीरूटफाइलसिस्टिम’ चालू केल्यावर ‘/टीएमपी’मध्ये लिहिणारं ॲप्लिकेशन पडतं, तिथे ‘एम्प्टीडिर’ (पॉडपुरतं तात्पुरतं रिकामं फोल्डर) माउंट करा.

पोस्टग्रेस स्वतः चढवणाऱ्यांसाठी खास: क्लाउडची नवी डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट होते तेव्हा तिच्या मुळाशी ‘लॉस्ट+फाउंड’ नावाचं फोल्डर तयार होतं. ‘इनिटडीबी’ला रिकामं फोल्डर हवं असतं, म्हणून तो ‘फोल्डर रिकामं नाही’ म्हणत बाहेर पडतो. ‘पीजीडेटा’ हे चल माउंटच्या आतल्या एखाद्या उपफोल्डरकडे वळवा.

डेटाबेस उशिरा उठतो म्हणून ॲप्लिकेशन पडत असेल तर अनेकजण वाट पाहणारा इनिट कंटेनर लावतात. तो चालतो, पण फक्त पहिल्या वेळेपुरता. डेटाबेसशी जोडणी पुन्हा पुन्हा, वाढत्या अंतराने करण्याची सोय ॲप्लिकेशनमध्येच असेल तर पुढे कधीही डेटाबेस गेला-आला तरी निभावतं.

लॉग रिकामा असेल तर

पायथनमध्ये आधी ‘पायथनअनबफर्ड=१’ लावा. आउटपुट बफरमध्येच राहून प्रोसेस अचानक मारली गेली तर शेवटच्या ओळी कधीच बाहेर येत नाहीत. ॲप्लिकेशन लॉग फाइलमध्ये लिहीत असेल तर ते स्टँडर्ड आउटपुटवर वळवा.

तरीही काही कळलं नाही तर आत शिरायला हवं, आणि दोन सेकंद जगणाऱ्या कंटेनरमध्ये ‘एक्झेक’ करायला वेळच मिळत नाही. त्याची प्रत काढा आणि तिच्यात ॲप्लिकेशनऐवजी शेल चालवा:

    क्युबसीटीएल डीबग <पॉडचं नाव> -एन स्टेजिंग -आयटी --कॉपी-टू=बिलिंग-तपास --कंटेनर=बिलिंग -- एसएच

या प्रतीवर मूळ लेबलं येत नाहीत, त्यामुळे सर्व्हिसची खरी रहदारी तिच्याकडे जात नाही. आत गेल्यावर ‘ईएनव्ही’ने चलं पाहा, ‘एलएस -एल’ने फाइलींची मालकी पाहा, आणि मूळ कमांड हाताने चालवा; चूक तिथल्या तिथे पडद्यावर येते. मात्र प्रत खऱ्या डेटाबेसलाच जोडलेली असते, तेव्हा मायग्रेशन चालवणारी कमांड सहज म्हणून दाबू नका. डिस्ट्रोलेस इमेजमध्ये (जिच्यात फक्त ॲप्लिकेशनला लागणाऱ्या फाइली असतात) शेल नसतो. त्यांच्या ‘डीबग’ टॅगच्या आवृत्तीत बिझीबॉक्सचा शेल मिळतो. काम झालं की प्रत डिलीट करा.

फक्त डॉकर वापरत असाल तर

तत्त्व तेच, नावं वेगळी. ‘डॉकर पीएस -ए’मध्ये ‘रिस्टार्टिंग’ दिसेल आणि कंसात एक्झिट कोड. ‘डॉकर लॉग्ज’मध्ये सगळ्या प्रयत्नांचा लॉग सलग मिळतो, ‘--प्रीव्हियस’ची गरज नाही. ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएमकिल्ड’ खरं की खोटं ते पाहा. डॉकरचा थांबण्याचा काळ १०० मिलिसेकंदांपासून दुप्पट होत १ मिनिटापर्यंत जातो. तपासताना ‘डॉकर अपडेट --रिस्टार्ट=नो’ने आधी लूप थांबवा, मग ‘डॉकर रन -आयटी --एंट्रीपॉइंट एसएच’ने इमेजमध्ये शिरा. डॉकर कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एका फाइलमधून चालवणाऱ्या साधनात) नुसतं ‘डिपेंड्स_ऑन’ लिहिलं तर डेटाबेसचा कंटेनर सुरू झाला एवढंच पाहिलं जातं, तो जोडणी घेण्याइतका तयार आहे का ते नाही. त्यासाठी डेटाबेसला ‘हेल्थचेक’ आणि इकडे ‘सर्व्हिस_हेल्दी’ ही अट लागते.

दुरुस्तीनंतर

    क्युबसीटीएल रोलआउट स्टेटस डिप्लॉयमेंट/बिलिंग -एन स्टेजिंग
    क्युबसीटीएल गेट पॉड्स -एन स्टेजिंग -डब्ल्यू

रिस्टार्टचा आकडा निदान १० मिनिटं हलू नये. मेमरीचा बिघाड असेल तर एक पूर्ण दिवसाचा भार जाऊ द्या, तोवर काम संपलं असं लिहू नका.

स्टेटफुलसेटमध्ये (पॉडना कायमचं नाव आणि क्रम देणाऱ्या व्यवस्थेत) दुरुस्त केलेली फाइल लावूनही अडकलेला पॉड जुन्याच साच्याने पडत राहतो, कारण मूळ क्रमवार पद्धतीत कंट्रोलर तो पॉड आधी तयार होण्याची वाट पाहत बसतो. साचा दुरुस्त करा आणि मग तो अडकलेला पॉड हाताने डिलीट करा. इथे डिलीट करणंच योग्य आहे.

शिवाय कंटेनरच्या वर्णनात ‘टर्मिनेशनमेसेजपॉलिसी: फॉलबॅकटूलॉग्जऑनएरर’ ही एक ओळ आताच घालून ठेवा. पुढच्या वेळी कंटेनर चुकीने पडला की लॉगचा शेवटचा भाग, २०४८ बाइट किंवा ८० ओळींपैकी जे कमी असेल तेवढा, थेट डिस्क्राइबच्या ‘लास्ट स्टेट’मध्ये एक्झिट कोडशेजारीच दिसेल.